कोकणच्या हवेत पोथीचे जतन

ग्रंथनाशाचा पहिला मोठा आघात पंथाने लीळाचरित्रावरच सोसला. म्हाइंभटांनी श्रीनागदेवाचार्यांकडून शोधून घेतलेली मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. पुढे हिराइसा, परशरामबास आदींच्या स्मरणावरून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. त्यांनाच आपण ‘वासना’ म्हणतो. पाठभेदांचा जो गुंता अभ्यासकांस आजही सोडवावा लागतो, त्याचे एक मूळ त्या हरवलेल्या प्रतीत आहे. ग्रंथ कंठस्थ असणारी माणसे होती म्हणून तेव्हा ग्रंथ तरला. आज आपल्या मठात अशी किती माणसे आहेत, हे ज्याचे त्याने पाहावे.

आपल्या पोथ्या बहुतांशी वऱ्हाड-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत लिहिल्या गेल्या व तेथेच टिकल्या. वासनिक कुटुंब नोकरीनिमित्त पेण, रोहे या भागात गेले, म्हणजे घरची पोथीही कोकणात जाते. पेण भोगावतीच्या काठी, रोहे कुंडलिकेच्या काठी. पाऊस वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ६५ च्या वर फार दिवस राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि तेथे तर चार महिने ती याहून पुष्कळ अधिक असते. शिवाय पोथीची शाई काजळ व डिंक यांची. काजळ शतकानुशतके फिके पडत नाही. डिंक मात्र दमटपणाने चिकट होतो आणि समोरासमोरची पाने एकमेकांस धरून बसतात.

जुने लेखक पोथीच्या अखेरीस तेल, पाणी आणि सैल बंधन यांपासून तिला जपण्याची विनंती करीत. त्यातील तिसरी गोष्ट आपण विसरलो. पावसाळ्यापूर्वी पोथी दोन सपाट फळ्यांत घालून स्वच्छ सुती रुमालात घट्ट बांधावी. बाहेरची दमट हवा पानांत कमी शिरते. पण बांधली ती बांधलीच, केवळ दंडवतापुरती बाहेर काढायची, हा आदर नव्हे. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की ती सावलीत उलगडावी, पान न् पान पाहावे. ऊन लावू नये, त्याने कागद ठिसूळ होतो. वाचन हेच येथे संरक्षण आहे. लोखंडी कपाट बाहेरच्या भिंतीस टेकवून ठेवू नये, भिंतीची ओल त्यात उतरते. हातभर अंतर सोडावे, आणि खालचा खण रिकामा ठेवावा.

कसरीसाठी वेखंडाची पूड पुरचुंडीत बांधून कपाटात ठेवावी. कडुनिंबाची पाने पोथीच्या पानांत घालू नयेत, डाग पडतात. पिवळ्या हरताळाने खोडलेली अक्षरे अनेक पोथ्यांत आढळतात. हरताळ हे सोमलाचे संयुग, विषारी. म्हणून बोट ओले करून पान उलटण्याची सवय सोडावी व नंतर हात धुवावेत. फाटक्या पानास चिकटपट्टी लावणे तर अपराधच म्हणावा. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि अक्षरासकट निघतो.

सकळ लिपीतील पोथीची काळजी अधिक. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी या लिपीची उकल केली खरी, पण ती सहज वाचणारे आजही थोडेच. देवनागरीत किडीने खाल्लेले अक्षर कोणीही जाणता संदर्भाने भरील. येथे ते कायमचे जाण्याचा संभव अधिक. म्हणून अशा पोथीचे प्रत्येक पान, कोरा समास व मागील बाजूसह, आधी छायाचित्रित करून प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.

पुराचे भय निराळेच. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरून ग्रंथांची मोठी हानी झाली. तेव्हा पोथी वरच्या मजल्यावरच असावी. तरीही भिजलीच, तर पाने ओढून सोडवू नयेत आणि पुसू नयेत, शाई फरकटते. सुटी पाने टीपकागदांत ठेवून पंख्याच्या वाऱ्यावर सुकवावीत, टीपकागद वरचेवर बदलावेत. चिकटलेला गठ्ठा मात्र तसाच स्वच्छ पिशवीत घालून शीतपेटीत गोठवावा, म्हणजे बुरशी थांबते आणि जाणकार येईपर्यंत अवधी मिळतो.