नवे दात घासायचे कशाला?

प्रश्न : दिवाळीनंतर आईला पूर्ण कवळी करून घेतली. तोंडात घातली की घट्ट बसते, बोटाने ओढूनही निघत नाही. पण भाकर खायला लागली की वरची सुटते. डॉक्टर दर वेळी रंगीत कागद चावायला देतात आणि नव्या दातांचे कुठले ना कुठले टोक घासतात. धाकट्या भावाने दाढेच्या जागी इम्प्लांट बसवले, तर त्याची कॅप मुळातच थोडी ठेंगणी ठेवली आहे, समोरच्या दाढेला नीट टेकत नाही. पैसे मोजून घेतलेले दात घासायचे आणि आखूड ठेवायचे, हा काय प्रकार आहे?
– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या पत्रातच निम्मे उत्तर आले आहे. ओढून कवळी निघत नाही आणि चावताना मात्र सुटते. म्हणजे हिरडीवरची तिची पकड चांगली आहे. बिघडते ते वरचे आणि खालचे दात एकमेकांना भेटतात तेव्हा. या भेटीला डॉक्टर ‘बाइट’ म्हणतात, आपण चावा म्हणू. कवळी सुटली की माप चुकले, असेच बहुतेक लोक धरून चालतात आणि औषधाच्या दुकानातून चिकटवायची पावडर आणतात. माप बरोबर आणि चावा चूक असेल तर त्या पावडरीने दुखणे चार दिवस झाकले जाते, बरे होत नाही.

वरची कवळी टिकते ती लाळेच्या पातळ थरावर आणि कडेने धरलेल्या हवाबंद मिठीवर. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवून सरळ ओढून पाहा, निघता निघत नाहीत. एका कडेने जरा उचला, हवा आत शिरते आणि लगेच सुटतात. आता आईच्या तोंडात डावीकडची एक दाढ बाकीच्या दातांच्या क्षणभर आधी टेकते असे समजा. जबड्याचा सगळा जोर त्या एका ठिकाणी पडतो, कवळी तिथे दबते, उजवीकडची कड उचलली जाते आणि मिठी सुटते. आईला जाणवते ते उजवीकडचे सुटणे, चूक असते डावीकडे. म्हणून डॉक्टर नेमक्या न सुटणाऱ्या बाजूला घासताना दिसतात आणि घरच्यांना संशय येतो.

घरात जाते असलेल्यांना हे चटकन पटेल. जात्याच्या तळीवर एका जागी उंचवटा राहिला तर वरची तळी लंगडत फिरते, दाणा भरडला जातो पण पीठ पडत नाही. टाकी लावणारा पाथरवट दगड उगाच खरवडत नसे. दोन्ही तळ्या सगळीकडे सारख्या भिडाव्यात म्हणून तो हात चालवी. रंगीत कागद हेच काम करतो. जिथे दात जास्त जोराने आपटतात तिथे ठसा गडद उमटतो, आणि तेवढाच भाग उतरवतात.

मग कवळी मुळातच अचूक का करत नाहीत? तीन कारणांनी ते जमत नाही. मेणात लावलेले दात प्लास्टिकमध्ये पक्के करताना प्लास्टिक किंचित आकसते आणि दात जागचे थोडे हलतात. साच्यातली हिरडी प्लास्टरची, टणक असते. तोंडातली मऊ असते, दाबाखाली खचते, आणि सगळीकडे सारखी खचत नाही. तिसरे कारण आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांत फार दिसते. दात पडल्यावर वर्षानुवर्षे बोळक्याने, पुढच्या हिरड्यांनी खायची सवय लागते, आणि त्या सवयीने खालचा जबडा पुढे सरकवून मिटला जातो. चाव्याचे माप घेताना माणूस तसाच पुढे चावला तर कवळी त्या खोट्या जागेसाठी तयार होते. पुढे घास गिळताना जबडा आपल्या खऱ्या जागी, मागे जातो आणि दातांचा मेळ विस्कटतो. यासाठीच माप घेताना ‘जीभ टाळूवर मागे लावा आणि मग मिटा’ असे सांगतात. त्या वेळी घाई करू नये, संकोचही करू नये. दहा वेळा मिटायला लावले तर दहा वेळा मिटावे.

उंचीचेही असेच. आपण स्वस्थ बसलेले असताना वरखालचे दात टेकलेले नसतात, मध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. कवळीने ते अंतर खाल्ले तर बोलताना दात टकटक वाजतात, जबडा दुखतो, हिरड्या सोलवटतात. अंतर फार राहिले तर चेहरा आखडतो आणि ओठांचे कोपरे चिघळतात. ‘साठ, एकसष्ट, बासष्ट’ असे आकडे मोजायला लावतात ते याच तपासणीसाठी. ‘स’ म्हणताना दात जवळ यावेत, पण आपटू नयेत.

एक गैरसमज मुद्दाम दूर करतो. उंच, टोकदार दात चांगले चावतात असे वाटते, आणि डॉक्टरांनी टोके घासली की आता हे बोथट झाले म्हणून जीव हळहळतो. नैसर्गिक दाताला खोल मूळ असते, त्याला टोक शोभते. हिरडीचा उंचवटा झिजून सपाट झालेला असेल तर टोकदार दातांचे उतार सरळ दाब आडवा वळवतात आणि कवळी घसरते. खालच्या कवळीला तर आधीच जागा कमी. वरच्या कवळीखाली सरासरी २३ चौरस सेंटिमीटर जागा असते, खालच्या कवळीखाली जेमतेम १२. शिवाय मध्ये जीभ सतत हलत असते. अशा हिरडीवर कमी चढाचे दात, आणि तेही हिरडीच्या बरोबर माथ्यावर बसवलेले, जास्त कामाचे.

तोंडात घास आला की दोन्ही बाजूंचे दात एकदम टेकण्याचा हा तोल बराचसा संपतो, हेही खरे आहे. एका बाजूला भाकरीचा तुकडा असला की दुसऱ्या बाजूचे दात एकमेकांना भेटतच नाहीत. मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? आपण दिवसभर लाळ गिळतो आणि प्रत्येक गिळण्याला दात टेकतात; घास बारीक होत आला की पुन्हा टेकतात. त्या शेकडो भेटींत कवळी जागेवर बसत राहिली तर जेवणातही टिकते. आईला एवढे सांगा की भाकर पुढच्या दातांनी तोडायची नाही. पुढे जोर पडला की मागची कड सुटते. हाताने लहान तुकडा करायचा, वरणात किंवा झुणक्यात मऊ करायचा, आणि शक्य तर थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असा चावायचा.

आता भावाची ठेंगणी कॅप. इथे कारण अगदी वेगळे आहे, आणि मला ते फार सुंदर वाटते. नैसर्गिक दात हाडात चुन्याने चिणल्यासारखा बसलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढी, तंतूंची एक गादी असते. चावताना दात त्या गादीत २५ ते १०० मायक्रॉन खाली जातो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. इम्प्लांटला ही गादी नाही. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५२च्या सुमारास सशांच्या हाडावर प्रयोग करताना दिसले की टायटॅनियमला हाड थेट चिकटते. १९६५ मध्ये त्यांनी योस्ता लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले, आणि लार्सन २००६ मध्ये वारले तोवर ते काम देत होते. हाडाला असे थेट जखडलेले इम्प्लांट चावताना जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलते.

बंडीला एका बाजूला स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूला नुसता आस असेल तर खड्ड्यात सगळा दणका कोणाला बसेल? तेच इथे होते. कॅप शेजारच्या दातांच्या बरोबरीने उंच ठेवली तर जोराने चावताना शेजारचे दात गादीत खाली जातात, इम्प्लांट जागचे हलत नाही आणि सगळा भार एकट्यावर घेते. म्हणून कॅप केसभर कमी ठेवतात. डॉक्टर ८ मायक्रॉन जाडीची चकचकीत पट्टी दातांत धरून पाहतात. अलगद मिटल्यावर ती इम्प्लांटच्या जागेतून सरकली पाहिजे, आणि करकचून चावल्यावर अडकली पाहिजे. तुमच्या भावाच्या तोंडात असे होत असेल तर कॅप आखूड नाही, बरोबर आहे. कितीही जोराने चावले तरी टेकतच नसेल, तर मात्र दाखवायला हवी.

इम्प्लांट लोखंडासारखे, त्यावर सुपारी फोडली तरी चालते, हा समज घातक आहे. त्या गादीतच दाबाची जाणीव देणाऱ्या नसा असतात. खऱ्या दाताला खडा लागला की आपण दचकून थांबतो. इम्प्लांटला कळते, पण उशिरा आणि बोथट. जास्त भार, विशेषतः आडवा भार पडला की आतला स्क्रू सैल होतो, कॅपचा टवका उडतो. इम्प्लांटभोवतीचे हाड झिजण्यात हिरडीच्या संसर्गाचा आणि धूम्रपानाचा हात मोठा असतो, सगळा दोष चाव्याला देता येत नाही. पण दिवसभर गालात खर्रा ठेवून त्याच बाजूने सुपारी चघळणाऱ्याला इम्प्लांट टिकण्याची हमी कोणीही देऊ नये. शिवाय सुपारीने तोंड उघडणेच कमी होत जाते, मग माप घ्यायचा साचासुद्धा आत जात नाही.

दाढ काढून किती वर्षांनी इम्प्लांट केले, हे भावाला विचारा. जागा बरीच वर्षे रिकामी राहिली की समोरची दाढ त्या पोकळीत उतरते आणि शेजारच्या कलतात. तेव्हा आधी चावा सरळ करून मग कॅप करावी लागते.

आज चांगली बसलेली कवळी पाच-सात वर्षांनी सुटू लागली, तर तेव्हाही आधी चाव्याकडेच पाहा. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते. संशोधक टॉलग्रेन यांनी २५ वर्षे रुग्ण तपासून १९७२ मध्ये नोंदवले की खालच्या जबड्याची पुढची बाजू वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजते. कवळी खचत जाते, जबडा वर आणि पुढे येतो, आणि पुढचे दात आधी आपटू लागतात.

म्हणूनच कवळ्या वाटणाऱ्या शिबिरांबद्दल माझा एक आग्रह आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत २०१७ पासून गरजू ज्येष्ठांना काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही मिळते, आणि हे फार चांगले आहे. पण काठी हातात दिली की काम झाले. कवळी दिल्यावर काम सुरू होते. झरी-जामणी किंवा उमरखेडच्या म्हाताऱ्या माणसाला पुन्हा दोनतीनदा तपासायची सोय नसेल तर ती कवळी डब्यात जाते. जवळपास अडचण सुटत नसेल तर सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालयात किंवा नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात कृत्रिम दातांचा स्वतंत्र विभाग आहे.

आईला पुढच्या खेपेला नेताना कवळी पिशवीत घालून नेऊ नका. थोडे दुखले तरी आदल्या दिवसापासून तोंडात ठेवू द्या, म्हणजे हिरडीवरचा लाल डाग डॉक्टरांना दिसेल आणि घासायची जागा सापडेल. घरी कानशीने मात्र काही घासू नका. ठसा न पाहता घासलेला दात पुन्हा उंच करता येत नाही.