साहस भांडवल आणि मामांचे यंत्र

आमच्या घरी 'धंदा' हा शब्द कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. त्याचे कारण आमचे मामा. १९९४ साली त्यांनी भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे एक यंत्र तयार केले. यंत्र चांगले होते. दाणा फुटत नसे आणि दोन माणसांत काम भागत असे. अशी यंत्रे करून विकावीत म्हणून मामा कर्ज काढावयास गेले. यंत्र पाहावयास कोणी आले नाही. विचारणा झाली ती 'तारण काय?' एवढीच. सातबाऱ्यावर बोजा चढला आणि पुढच्याच महिन्यापासून हप्ता सुरू झाला. गिऱ्हाईक मात्र सुगीला येणार, आणि तेही 'आधी दुसऱ्याकडे चाललेले पाहू' म्हणणार! तीन वर्षांत दोन एकर जमीन गेली आणि मामा दुसऱ्याच्या वेल्डिंगच्या दुकानात कामाला लागले.

यंदा अर्थशास्त्राच्या तासाला 'साहस भांडवल' हा विषय निघाला, तेव्हा मला प्रथम मामांची आठवण झाली. त्यांचे चुकले कोठे, हे शोधावे म्हणून मी थोडे वाचन केले. तेच येथे मांडीत आहे.

प्रथम कर्ज आणि भागभांडवल यांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. कर्ज देणारा आपल्या नफ्यात वाटा मागत नाही. पण धंदा चालो वा न चालो, त्याला मुद्दल आणि व्याज ठरल्या दिवशी हवे असते. भागभांडवल देणाऱ्याला हप्ता नसतो. तो धंद्याचा भागीदार होतो; धंदा बुडाला तर त्याचा पैसाही बुडतो, आणि धंदा वाढला तर त्याचा हिस्साही वाढतो. नव्या वस्तूला हा फरक जीवनमरणाचा असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. नवी वस्तू अशी वाट पाहावयास लावते, आणि हप्ता वाट पाहत नाही.

हे वाट पाहणारे भांडवल पद्धतशीरपणे उभे करण्याचा प्रयत्न अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर झाला. १९४६ साली 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' ही संस्था निघाली. हार्वर्डमध्ये व्यवसायशास्त्र शिकविणारे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ तिचे सूत्रधार होते. १९५७ साली केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन हे दोन तरुण अभियंते संगणक तयार करण्याची योजना घेऊन या संस्थेकडे गेले. त्यांच्यापाशी तारण नव्हते, ज्ञान होते. तरीही त्यांना आधी एक व्यवहारी सल्ला मिळाला : मागणीपत्रात 'संगणक' हा शब्दच नको, कारण त्या काळी मोठमोठ्या कंपन्यांना संगणकात तोटा होत होता. दोघांनी योजना बदलली. आधी संगणकाला लागणारे सुटे इलेक्ट्रॉनिक भाग विकावयाचे आणि संगणक मागाहून, असे ठरले.

संस्थेने ७०,००० डॉलर दिले आणि कंपनीचा ७० टक्के हिस्सा घेतला. म्हणजे सबंध कंपनीची किंमत १ लाख डॉलर धरली गेली. मेनार्ड गावी एका जुन्या लोकरीच्या गिरणीत 'डिजिटल इक्विपमेंट' सुरू झाली. १९५८ साली तिने ९४,००० डॉलरचे सुटे भाग विकले, नंतर संगणकही केले आणि १९६६ मध्ये तिचे भाग लोकांना खुले झाले. त्या ७०,००० डॉलरांचे पुढे कित्येक कोटी झाले.

या कथेतून भांडवल मागणाऱ्याने काय घ्यावे? माझ्या मते दोन गोष्टी. पहिली, गिऱ्हाईक कोण आणि पहिला पैसा कोठून येणार, याचे उत्तर कागदावर तयार हवे. दुसरी, हे भांडवल फुकट नसते. दोघा संस्थापकांनी मालकीचा मोठा भाग दिला. हप्ता नाही, पण निर्णय घेताना दुसऱ्याचे मत ऐकावे लागते.

आपल्या देशात केंद्र सरकारने १९८८ साली साहस भांडवलाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. 'सेबी'ने १९९६ मध्ये नियम केले आणि २०१२ मध्ये त्यांच्या जागी नवे आणले. मग १९९४ साली मामा अशा एखाद्या संस्थेकडे गेले असते तर? मला वाटले होते, त्यांची जमीन वाचली असती. पण गणित करून पाहिले तेव्हा उत्तर निराळे आले. समजा, एका संस्थेने दहा धंद्यांत प्रत्येकी १० लाख रुपये घातले. सात बुडाले, दोघांनी मुद्दल तेवढे परत केले. आता नुसती तोंडमिळवणी करावयाची तरी उरलेल्या एकाने ८० लाख दिले पाहिजेत! म्हणून ही संस्था प्रत्येकाकडे 'हाच तो दहावा होईल काय?' या नजरेने पाहते. मामांचे यंत्र दोनचार तालुक्यांत खपले असते. त्यात घर सुखाने चालले असते, पण आठपट वाढ झाली नसती. त्यांना नकारच मिळाला असता.

तेव्हा मामांना हवे होते ते सुगीनंतर हप्ता घेणारे आणि जमीन न मागणारे कर्ज, किंवा गावातलाच एखादा धीराचा भागीदार. केंद्र सरकार आणि 'सिडबी' यांनी लघुउद्योगांसाठी पतहमी न्यास स्थापला, त्यामुळे तारणाविना कर्ज मिळण्याची वाट झाली. पण तो स्थापला २००० साली. तोवर मामांची जमीन गेली होती. धंदा काढू इच्छिणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना एवढेच सांगावेसे वाटते की, पैसा किती हवा याच्या आधी तो कोणत्या प्रकारचा हवा, हे ठरवावे.

दिवाळीच्या सुट्टीत मी हे सारे मामांना वाचून दाखविले. डोरिओंची कथा त्यांनी लक्ष देऊन ऐकली. शेवटी म्हणाले, "म्हणजे यंत्र वाईट नव्हते तर!"

"नव्हतेच, मामा," मी म्हटले.