इमारतीलगतचा मोठा वृक्ष : तोडण्यापूर्वी आणि तोडल्यानंतर

शाळा, चावडी किंवा आरोग्य उपकेंद्र यांच्या आवारात चिंचेचा वा गुलमोहराचा एखादा जुना वृक्ष बहुधा असतोच. पुढे भिंतीला तडे जातात, वळवाच्या वाऱ्यात फांदी कौलांवर कोसळते आणि ग्रामसभेत वृक्ष काढून टाकण्याचा ठराव होतो. त्यानंतरचे काम मात्र कुऱ्हाड घेऊन जो येईल त्याच्या हवाली केले जाते. अनर्थ घडतात ते येथेच.

वृक्ष खरोखरच काढावयास हवा काय, हे आधी ठरवावे. बुंध्यावर ठोकले असता पोकळ आवाज येणे, मुळाशी अळंबी उगवणे, खोड एकीकडे झुकून विरुद्ध बाजूची जमीन भेगाळणे ही धोक्याची लक्षणे होत. पाचोळ्याचा त्रास हे कारण पुरेसे नव्हे. तेथे फांद्यांचा भार हलका केल्याने भागते.

आंबा, चिंच, जांभूळ, फणस, मोह, साग इत्यादी वृक्ष महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या जमिनीतील असले तरी ते तोडण्यास वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नागरी क्षेत्रासाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या वृक्षांना त्यात विशेष संरक्षण मिळाले. घरटी असल्यास पिले उडून जाईपर्यंत थांबावे. संरक्षित पक्ष्यांची अंडी वा घरटी नष्ट करणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार शिकारीतच मोडते.

परवानगीची दगदग टाळण्यासाठी काही ठिकाणी बुंध्याची साल गोलाकार सोलतात किंवा भोक पाडून हिंग वा आम्ल भरतात. हा मार्ग बेकायदेशीर तर आहेच, शिवाय घातकही आहे. वाळलेले लाकूड ठिसूळ होते, चढणाऱ्याचा भार पेलत नाही, आणि शाळेच्या छपरावर फांद्या केव्हा कोसळतील याचा नेम राहत नाही.

मोकळ्या रानात झाड एका घावात पाडतात तसे इमारतीजवळ करता येत नाही. येथे वृक्ष शेंड्याकडून खाली, तुकड्यातुकड्याने उतरवावा लागतो. जवळून तारा जात असल्यास महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घ्यावा. काम सुटीच्या दिवशी, वारा नसताना करावे. प्रत्येक जड फांदीला आधी दोर बांधून तो वरच्या भक्कम बेचक्यातून खाली घ्यावा. पहिला काप फांदीच्या खालच्या अंगाने, सुमारे एक तृतीयांश जाडीपर्यंत द्यावा. दुसरा वरून, किंचित पुढे. असे केल्याने फांदी साल सोलत खाली येत नाही. अनुभवी माणूस दोर धरणाऱ्याशी खुणेने बोलतो. बघ्यांच्या गोंगाटात ती खूण हरवते, म्हणून गर्दी दूर ठेवावी.

काळ्या जमिनीत खरी परीक्षा यानंतरच सुरू होते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. मोठा वृक्ष पायाखालचा ओलावा शोषतो, माती आकसते, भिंत खचते. वृक्ष गेल्यावर तीच माती पुढील काही पावसाळ्यांत पुन्हा पाणी धरते व फुगून फरशी आणि पाया वर उचलते. वृक्ष इमारतीपेक्षा जुना असेल तर हा धोका अधिक, कारण पाया मुळात वाळलेल्या मातीवरच घातलेला असतो. अशा ठिकाणी तोडण्याआधीच अभियंत्याचा सल्ला घ्यावा. कधी कधी वृक्ष ठेवून त्याची नियमित छाटणी करणेच इमारतीच्या हिताचे ठरते. मुरमाड जमिनीत ही चिंता फारशी नसते.

तोडल्यानंतर तडे लगेच बुजवून रंग देण्याची घाई होते. तिचा उपयोग नाही. खर्च मात्र दोनदा होतो. तड्यावर काचेची पातळ पट्टी सिमेंटने आडवी चिकटवून शेजारी तारीख लिहावी. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे असे समजावे. निदान दोन पावसाळे ती अभंग राहिल्यावरच गिलावा करावा.

बुंधा पेटवून देण्याची चाल इमारतीजवळ टाळावी, कारण मुळांतून आग जमिनीखाली धुमसत राहते. पिंपळ, करंज, सुबाभूळ यांच्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटतात. ते दर महिन्याला खुडत राहिल्यास मूळ हळूहळू निर्जीव होते. भिंतीच्या सांध्यात उगवलेला पिंपळ मात्र रोप असतानाच मुळासकट काढावा आणि सांधा लागलीच भरून घ्यावा.