परदेशी कर्ज : काढणारे कोण, फेडणारे कोण?

देशाचे परदेशी कर्ज विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रातील एका अवाढव्य आकड्यापुरते ठाऊक असते. आकड्यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न दोन : कर्ज कोणी काढले आणि ते कोणत्या चलनात फेडायचे? ते समजून घेण्यास आम्हांस आपला भुसावळ–जळगाव–चाळीसगाव लोहमार्ग पुरेसा वाटतो.

हा मार्ग ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या खाजगी कंपनीने बांधला. भांडवल प्रामुख्याने इंग्लंडमधील भागधारकांचे. १८४९ च्या करारान्वये त्यांना पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट हिंदुस्थानच्या तिजोरीने भरावयाची. नफा खाजगी, जोखीम मात्र रयतेची. तिजोरीत शेतसारा येई, तसाच मिठावरील करही येई. म्हणून ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्या आपल्या पूर्वजांनीही चिमूटभर मिठासोबत या व्याजाचा वाटा उचलला. रेल्वेचे फायदे लिहिताना ही बाजू उत्तरपत्रिकेत क्वचितच येते!

त्याआधीचे ओझे होतेच. १८५८ साली ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपले. तिचे कर्ज आणि भागधारकांचा लाभांश मात्र कायद्याने हिंदुस्थानच्या महसुलावर लादला गेला. याच कंपनीच्या कारभारावर व वित्तव्यवस्थेवर बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम. ए. चा प्रबंध लिहिला.

आता चलनाचा प्रश्न. देणे पौंडांत, महसूल चांदीच्या रुपयांत. १८७० च्या सुमारास रुपया जवळपास दोन शिलिंगांचा होता. १८९४-९५ पर्यंत तो सुमारे एक शिलिंग एक पेनीवर घसरला. शंभर पौंडांसाठी पूर्वी १,००० रुपये लागत. आता सुमारे १,८४६ लागू लागले. नवे कर्ज न काढताही बोजा वाढला. रुपयाच्या या प्रश्नावरील बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धात पारडे फिरले. हिंदुस्थानने पुरविलेल्या माल व सेवांपोटी ब्रिटनच आपले देणे लागू लागला. जुने पौंडांतील कर्ज बहुतांशी फिटले आणि शिलकी सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेल्या. त्याची किंमत इथल्या जनतेने महागाईत आणि टंचाईत मोजली, हे विसरता कामा नये.

१९९१ मध्ये परकीय गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवले. अडचणीत दागिना गहाण टाकण्याचा अर्थ सुवर्णनगरी जळगावात कोणास समजावून सांगावा लागला नसेल. त्याच महिन्यात रुपयाचे अवमूल्यन झाले.

मार्च २०२५ अखेर भारताचे परदेशी कर्ज सुमारे ७३६ अब्ज डॉलर, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १९ टक्के होते. त्यात सरकारचा वाटा एक चतुर्थांशाहूनही कमी; बिगर-वित्तीय कंपन्यांचा एक तृतीयांशाहून अधिक. निर्यात करणाऱ्या कंपनीकडे डॉलर येतात. रुपयांत कमावणारीला ते विकत घ्यावे लागतात. ती बुडाली, तर तिला इथे रुपयांत कर्ज देणाऱ्या सरकारी बँकाही अडचणीत येतात, आणि त्यांना भांडवल पुरविते ती तिजोरीच.

विद्यार्थ्यांनी वहीत मांडून पाहावे : एका कंपनीने १० लाख डॉलर कर्ज घेतले. डॉलर ८० रुपयांवरून ८५ रुपयांवर गेला, तर मुद्दलाची रुपयांतील रक्कम कितीने वाढली?