फूल येण्याआधी उपटा

परसातलं गाजर गवत उघड्या हातांनी उपटू नका. बाकीचं नंतर सांगते, आधी एवढं ऐका. आमच्या आत्याबाईंचा जन्म शेतात गेला, खुरपणीत हे गवत त्यांनी किती उपटलं असेल त्याला हिशेब नाही. पण एका भादव्यात परसातली फुललेली झाडं त्यांनी कवळ्यात धरून उकिरड्यावर नेली आणि मनगटं, कोपराची लवण, मान लालबुंद झाली. रात्रभर खाज. "इतकी वर्षं काही झालं नाही, आत्ताच कसं?" असं त्या विचारत होत्या. डॉक्टर म्हणाले, हे असंच होतं. या झाडात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. ते अंगाला वारंवार लागत गेलं, की एखाद्या वर्षी कातडी ते सोसायचं नाकारते आणि मग जरासा स्पर्शही पुरतो. ज्यांना आजवर त्रास झालेला नाही, त्यांनीही हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडाला रुमाल एवढं करावंच. परागाने शिंका आणि दम्याचाही त्रास होतो.

आमच्या झरीत, परभणी-जिंतूर रस्त्याच्या कडेला, हे गवत नवं नाही. देशात त्याची नोंद पुण्यात 1955च्या सुमारास झाली, परदेशी गव्हाबरोबर ते आलं असं मानतात. पण आमच्या परसात, वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात, ते आलं शेणखताच्या ट्रॉलीतून. एका झाडाला हजारो बिया धरतात, पंचवीस हजारांपर्यंतही, आणि अर्धवट कुजलेल्या खतात त्या जिवंत राहतात. म्हणून खत किंवा गाळाची माती घेताना ढीग कुठं होता, त्याच्या कडेला काय उगवलं होतं, हे स्वतः जाऊन बघा. आणलेलं खत लगेच वाफ्यात न घालता कोपऱ्यात ठेवून ओलं करा. जे उगवायचं ते तिथंच उगवू द्या आणि कोवळं असतानाच काढून टाका.

उपटायची वेळ वाफशाची. आपल्या काळ्या रानात पाऊस उघडून वाफसा आला, की सोटमूळ अख्खं निघतं. जमीन आवळली की झाड मानेशी तुटतं आणि बुडातून पुन्हा फुटतं. विळ्याने छाटण्याचा उपयोग नाही, उलट ते बुटकं राहून लवकर फुलतं. फुलाआधी उपटलेलं गवत खड्ड्यात कुजवलं तर चांगलं खत होतं. पांढरी फुली दिसली असेल, तर मात्र ते खड्ड्यात जाता कामा नये. पोत्यात भरा, वाळवा आणि वस्तीपासून लांब जाळा, धुरात उभं राहू नका. मिठाचं पाणी फवारा असं सांगणारे भेटतात. पडीक रस्त्याकडेला ठीक, पण भाजीच्या वाफ्यात मीठ घालून माती का नासवायची?

पावसाळ्यात पानांवर मळकट पांढरे, काळ्या नागमोडी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. हा मेक्सिकन भुंगा. 1983 साली तो मेक्सिकोहून बंगळूरला आणला गेला. त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं खाऊन झाडाचा नुसता सांगाडा ठेवतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाने हे भुंगे वाढवून शेतकऱ्यांना दिले आहेत, पावसाळ्याच्या सुरुवातीला कीटकशास्त्र विभागात चौकशी करावी. भुंगे सोडले की त्या भागात कीटकनाशक फवारायचं नाही. आणि हिवाळ्यात ते मातीत झोपतात, तेव्हा ती जागा खोल खणू नका.

मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर पुढच्या पावसात गवत हजर. आम्ही कुंपणालगत पावसाआधी तरोट्याचं बी फेकतो. तो दाट उगवून गाजर गवताला जागा देत नाही, आणि कोवळ्या पाल्याची भाजी होते. आतल्या बाजूला झेंडू. गाजर गवताच्या बिया मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून दर पावसानंतर एक फेरी मारायचीच, आणि शेजारच्या पडक्या जागेतलंही, त्यांना विचारून, फुलाआधी काढायचं.