पल्ला आणि प्रभारणाचा वेग

विद्युत् मोटारीची उपयुक्तता मुख्यत्वे दोन गोष्टींवरून जोखली जाते. बॅटरी पूर्ण भरली असता मोटार किती अंतर जाऊ शकते, हा तिचा पल्ला. आणि रिकामी होत आलेली बॅटरी पुन्हा किती वेळात भरता येते, हा तिच्या प्रभारणाचा वेग. हे दोन्ही गुण हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विद्युतघटाची रचनाच अशी असते की, एक गुण वाढविताना दुसऱ्याला काही अंशी मुरड घालावी लागते.

लिथियम-आयन घट भरला जात असताना लिथियमचे आयन धनाग्रातून सुटतात, मधल्या द्रवातून प्रवास करतात आणि ऋणाग्रावरील ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात. रेल्वेचा डबा रिकामा असताना प्रवाशांना चटकन जागा मिळते. डबा भरत आला की जागा शोधावी लागते आणि दारापाशी खोळंबा होतो. घटातही तसेच घडते. अशा वेळी प्रवाहाचा जोर कायम ठेवला, तर आयन थरांत न शिरता पृष्ठभागावरच धातुरूपाने साचू लागतात आणि घटाची क्षमता कायमची घटते. थंडीत हा धोका वाढतो. म्हणूनच बॅटरी सुमारे ८० टक्के भरल्यावर नियंत्रक यंत्रणा सामान्यतः प्रवाह बराच कमी करते.

पल्ला वाढवायचा तर विद्युताग्रांवरील क्रियाशील पदार्थाचा लेप जाड करणे हा एक मार्ग होय. पण त्यामुळे आयनांची वाट लांबते. लेप पातळ केला तर घट लवकर भरतो. मात्र तांब्या-ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचे प्रमाण वाढून तितक्याच वजनात कमी ऊर्जा साठते.

पदार्थ बदलूनही हा पेच पुरता सुटत नाही. जपानमध्ये २०११ साली मित्सुबिशीची 'आय-मीव्ह' ही छोटी मोटार दोन प्रकारांत विक्रीस आली. एका प्रकारात १६ किलोवॉट-तासांची नेहमीची बॅटरी होती; तिचा पल्ला जपानी चाचणीनुसार १८० किलोमीटर होता आणि ८० टक्के प्रभारणास सुमारे अर्धा तास लागे. दुसऱ्या प्रकारात ग्रॅफाइटऐवजी लिथियम टायटॅनेट वापरलेली १०.५ किलोवॉट-तासांची बॅटरी होती. ती पंधरा मिनिटांत ८० टक्के भरे. पल्ला मात्र १२० किलोमीटरच होता.

पुढे शीतनाची व्यवस्था सुधारली आणि विद्युत्-दाबही वाढविण्यात आला. दाब ४०० वरून ८०० व्होल्ट केला की तितक्याच शक्तीसाठी निम्मा प्रवाह पुरतो आणि त्याच तारांत निर्माण होणारी उष्णता एक-चतुर्थांशावर येते. २०२१ साली आलेल्या ह्युंदाईच्या 'आयोनिक ५' मोटारीची बॅटरी १० पासून ८० टक्क्यांपर्यंत सुमारे १८ मिनिटांत भरते, असे कंपनीने जाहीर केले. त्यासाठी ३५० किलोवॉटचे प्रभारण केंद्र गृहीत धरले होते. ७२.६ किलोवॉट-तासांच्या बॅटरीत तेवढ्या वेळात सुमारे ५१ किलोवॉट-तास ऊर्जा जाते. ५० किलोवॉटच्या केंद्रावर त्याच कामाला तासाहून अधिक वेळ लागेल.

यावरून दिसून येते की, पल्ला मोटारीबरोबर सर्वत्र जातो, तर प्रभारणाचा वेग रस्त्यावरील सोयीवर अवलंबून राहतो. शहरात रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याने मोठी बॅटरी घेतली, तर तिची किंमत आणि वजन त्याला विनाकारण वाहावे लागते. याउलट, जेथे शक्तिमान केंद्रे विरळ आहेत, तेथे लांबच्या प्रवाशाला पल्ल्याचाच आधार असतो. म्हणून मोटार निवडताना आपला मार्ग आणि त्यावरील केंद्रे यांचा विचार आधी केला पाहिजे.