आतून कोरडे, मगच बाहेरून गोड
(चॉकलेटचे प्रेटझेल : करायचे कसे आणि टिकवायचे कसे)



नाताळ जवळ आला की आपल्या बचत गटाच्या पाकिटांबद्दल तुमच्यापैकी अनेकांचे फोन येतात. "ताई, यंदा ते चॉकलेटचे खारे प्रेटझेल आहेत ना? आणि ते घरी कसे करायचे?" म्हणून या अंकातील धडा स्वयंपाकघरातला आहे. कृती सगळी सांगते, पण त्याआधी आमची एक चूकही सांगायला हवी, कारण ही कृती आम्ही त्या चुकीतूनच शिकलो.

प्रेटझेल म्हणजे काय?

आपल्याकडे हा पदार्थ फारसा परिचयाचा नाही. मैदा, पाणी, मीठ आणि थोडे यीस्ट यांची ही भाजलेली खारी कडी असते. मूळ जर्मन भाषिक प्रदेशातले. लेंटच्या म्हणजे उपवासकाळाच्या दिवसांत अंडी, दूध, लोणी वर्ज्य असे, तेव्हा ही साधी भाकर चालत असे. तिचा आकार प्रार्थनेसाठी छातीवर दुमडलेल्या हातांसारखा आहे अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका किती खरी ते सोडा, पण पदार्थ जुना आहे हे नक्की. बाराव्या शतकात आल्सास प्रांतातील मठात तयार झालेल्या 'होर्टुस डेलिसियारुम' या हस्तलिखितात एस्तेर राणीच्या मेजवानीचे चित्र होते, त्यात मेजावर प्रेटझेल दिसतो.

पुढे जर्मन कुटुंबे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जाऊन राहिली आणि प्रेटझेल त्यांच्याबरोबर गेला. तेथील लिटिट्झ गावात ज्युलियस स्टर्जिस यांनी १८६१ मध्ये सुरू केलेली बेकरी अमेरिकेतील पहिली व्यावसायिक प्रेटझेल बेकरी मानली जाते. पूर्ण सुकवलेला कडक प्रेटझेल बरेच दिवस टिकतो. तो चॉकलेटमध्ये बुडवून नाताळात भेट देण्याची पद्धत तिकडे घरोघर आहे.

आपल्या एका हितचिंतक कुटुंबाच्या नातेवाइकांनी तिकडून असाच एक डबा वसतिगृहासाठी पाठवला होता. मुलींनी तो एका संध्याकाळी संपवला. गोडाबरोबर खारट लागते हे त्यांना भारी आवडले. ते पाहून गटातल्या बायका म्हणाल्या, "ताई, हे आपण करू. शंकरपाळी सगळेच करतात."

आमची चूक

आमचा गट सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातला. बहुतेक जणी भिल्ल आणि पावरा समाजातल्या. पावसाळ्यात शेतमजुरी, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणे, हे त्यांचे वर्षाचे चक्र. गावातच चार पैसे मिळाले तर निदान काही जणींना मुलांना घेऊन ऊसतोडीला जावे लागणार नाही, ही गट सुरू करण्यामागची आशा. त्या पहिल्या वर्षी मैदा आणि चॉकलेट त्यांनी स्वतःच्या बचतीतून आणले.

वसतिगृहाच्या ओव्हनमध्ये भाजणे चालू होते. रंग सुरेख आला. भाजल्यानंतर मंद आचेवर सुकवायचे असते, पण दुपारी वीज गेली आणि गाडी निघायची वेळ जवळ आली. मी म्हणाले, "रंग छान आलाय, पुरे." हा निर्णय माझा होता. मग घाईत चॉकलेट लावले, लवकर घट्ट व्हावे म्हणून ताटे उघडीच फ्रिजमध्ये ठेवली आणि गार असतानाच पाकिटे भरली. साठ पाकिटे शहरातल्या एका मंडळीत गेली. सगळी विकली गेली. आम्ही देवाचे आभार मानले.

फेब्रुवारीत महिला संघाच्या सभेला मी त्या मंडळीत गेले होते. सभेनंतर एका वयस्क बाईंनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "राग मानू नकोस, पण ते नरम पडले होते गं. वर पांढरे डागही होते. आम्ही कुणी बोललो नाही. म्हटलं, गरीब बायकांनी केलंय, मदत म्हणून घेतलं."

परत आल्यावर मी गटाला हे जसेच्या तसे सांगितले. बराच वेळ कुणी बोलेना. मग एक मावशी म्हणाल्या, "बाजारात मी वांगी किडकी दिली तर बाई माझ्या तोंडावर परत आणून टाकते. यांनी का नाही आणली?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. शेवटी त्याच म्हणाल्या, "सांगितलं असतं तर आपण तेव्हाच शिकलो असतो."

पुढच्या नाताळात ज्या घरांची नावे आमच्याकडे होती, त्या प्रत्येक घरी गटाने एक पाकीट फुकट पाठवले. तो ठराव बायकांनीच केला. पण त्याआधी आम्ही कृती मुळापासून शिकलो. ती अशी.

१. प्रेटझेल करणे

साहित्य : मैदा ५०० ग्रॅम, मीठ दीड छोटा चमचा, साखर एक मोठा चमचा, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा, तेल दोन मोठे चमचे, कोमट पाणी सुमारे २५० ते २७५ मिली.

पुरीच्या पिठासारखे घट्ट पीठ मळून तासभर झाकून ठेवावे. कडी वळायला वेळ लागतो आणि तिचा जाड भाग आत ओला राहतो, म्हणून आम्ही बोटभर लांबीच्या कांड्या करतो. कांडी पेन्सिलीपेक्षा बारीक वळावी, भाजताना ती फुगते.

स्टीलच्या पातेल्यात एक लिटर पाणी उकळून त्यात चार मोठे चमचे खाण्याचा सोडा हळूहळू घालावा, कारण पाणी फसफसून वर येते. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, सोड्याने ते काळे पडते. कांड्या या पाण्यात वीस सेकंद बुडवून झाऱ्याने काढाव्यात. प्रेटझेलचा तपकिरी रंग आणि खास चव या सोड्याच्या पाण्यानेच येते. मोठ्या बेकऱ्या यासाठी कॉस्टिक सोडा वापरतात. तो घरी मुळीच वापरू नये, त्याने कातडी भाजते.

वर जाडे मीठ अगदी थोडे भुरभुरावे. २०० अंशांवर १२ ते १५ मिनिटे, रंग येईपर्यंत भाजावे. यानंतरची पायरी आम्ही त्या वर्षी गाळली होती. ओव्हन १२० अंशांवर आणून आणखी ४० ते ५० मिनिटे सुकवावे, मध्ये एकदा उलटावे. मग ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवावे व आतच गार होऊ द्यावे.

कांडी मोडून पाहावी. कट्‌कन मोडली आणि आत पांढरा मऊ गाभा दिसला नाही, तरच झाली. वाकली तर पुन्हा सुकवावी. बाहेरचा रंग पाहून ठरवू नये.

२. चॉकलेट लावणे

बाजारात दोन प्रकारचे चॉकलेट मिळते. एक कोको बटर असलेले अस्सल, दुसरे कंपाउंड. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचा अंश असतो. अस्सल चॉकलेट वितळवून, ठराविक तापमानापर्यंत गार करून, पुन्हा किंचित गरम करावे लागते, नाहीतर ते चकाकत नाही व डाग पडतात. कंपाउंडला ही खटपट नको, म्हणून नवशिक्याने त्यापासून सुरुवात करावी.

अर्धा किलो कंपाउंड बारीक चिरून कोरड्या भांड्यात घ्यावे. खालच्या पातेल्यात थोडे पाणी मंद उकळत ठेवून वर हे भांडे ठेवावे. भांड्याचा तळ पाण्याला लागू नये. झाकण ठेवू नये, वाफेचे थेंब आत पडतात. पाण्याचे दोन-चार थेंबही पडले तर चॉकलेट रव्यासारखे घट्ट होते आणि मग बुडवायला उपयोगाचे राहत नाही. ते टाकून मात्र देऊ नये, गरम दुधात घालून मुलांना द्यावे. तीन भाग वितळले की उतरवून ढवळावे, उरलेले आपोआप वितळते.

कांड्या पूर्ण गार झाल्यावरच बुडवाव्यात. कोमट कांडीतून निघणारी वाफ चॉकलेटखाली अडकते. एका टोकाला बोटभर जागा कोरी ठेवून बुडवावे, जास्तीचे झटकून बटर पेपरवर ठेवावे. पंख्याखाली अर्ध्या तासात घट्ट होते. हिवाळ्यात फ्रिजची गरज पडत नाही.

३. टिकवणे

प्रेटझेलला दमट हवा चालत नाही, चॉकलेटला उष्णता चालत नाही. म्हणून दोन्हींची काळजी घ्यावी.

• स्वच्छ, कोरडा, घट्ट झाकणाचा डबा घ्यावा. प्रत्येक थरामध्ये बटर पेपर घालावा.
• डबा थंड, अंधाऱ्या जागी ठेवावा. चुलीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत नको. मसाला, रॉकेल, डांबराच्या गोळ्या यांच्यापासून दूर ठेवावा, चॉकलेट वास पटकन ओढून घेते.
• मुंग्या असतील तर डबा पाण्याच्या ताटलीत उंचावर ठेवावा, पण झाकण पक्के असावे.
• फ्रिजमध्ये ठेवावेच लागले तर डबा हवाबंद करून ठेवावा आणि बाहेर काढल्यावर दोन-तीन तास उघडू नये. गार चॉकलेटवर हवेतले बाष्प जमते, त्यात साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरा खरखरीत थर येतो. आमच्या पाकिटांवर हेच डाग होते.
• उष्णतेनेही पांढरेपणा येतो. तो स्निग्ध वर येऊन झालेला असतो व बोटाला तुळतुळीत लागतो. दोन्हींनी अपाय होत नाही, पण चव आणि रूप जाते.
• आम्ही पाकिटावर दोन आठवड्यांची मुदत लिहितो. घरी नीट ठेवल्यास तीन आठवडेही चांगले राहतात.
• पावसाळ्यात आणि मार्चनंतर आम्ही हे करत नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात चॉकलेट डब्यातच वितळते.

विक्रीसाठी करणार असाल तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी घ्यावी आणि पाकिटावर तारीख व घटक लिहावेत. गहू किंवा दूध न चालणारी माणसे असतात.

या धड्यातून

धर्मशास्त्राच्या वर्गात मत्तयाचा तेविसावा अध्याय आम्ही शिकलो होतो. प्याला बाहेरून घासणाऱ्यांना प्रभूने काय म्हटले ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याचा अर्थ मला खरा कळला तो या ओव्हनपुढे. आत ओल राहिली असेल तर वरचे चॉकलेट ती घालवत नाही, आत कोंडून ठेवते. खाणाऱ्याला काही दिवसांनी कळतेच.

आणि एक विनंती आहे, प्रेमाने ऐकावी. तुम्ही गोड बोलून आमची चूक झाकलीत, त्यामागे माया होती हे मी जाणते. पण आमच्या बहिणींना दयेने घेतलेले गिऱ्हाईक नको आहे. त्यांना परत येणारे गिऱ्हाईक हवे आहे. यंदाचे पाकीट उघडा, एक कांडी मोडा. कट्‌कन मोडली तर शेजारच्या घरी सांगा. वाकली तर आम्हाला सांगा, पैसे परत मिळतील.

महिला संघात चर्चेसाठी

१. मदत म्हणून घेतलेली वस्तू वाईट निघाली, तर आपण काय करतो? का?
२. चूक सांगताना समोरच्याचा मान कसा राखता येईल?
३. आपल्या मंडळीत 'रंग छान आलाय, पुरे' असे म्हणून आपण कोणते काम अर्धवट सोडले आहे?

गटासाठी प्रार्थना करत राहा. यंदा पाच जणी ऊसतोडीला न जाता गावात राहिल्या आहेत आणि त्यांची मुले शाळेत आहेत. आज सकाळपासून ओव्हन चालू आहे आणि वीज अजून आहे.

तुमची, प्रभूच्या सेवेतील बहीण